वर्तमानपत्रांतील जुन्या चित्रमाला : त्यांची शुद्धि व पुनर्मुद्रण

१. विषयाचें स्वरूप

इतिहासाच्या साधनांची गणना करितांना बखरी, पत्रें, सनदा, महजर, शकावल्या, नाणीं व शिलालेख यांचा उल्लेख प्रत्येक जण करितो. छापील वर्तमानपत्राचें नांव या यादींत फार उशिरां दाखल झालें. आणि वर्तमानपत्रांतील चित्राला तर त्या यादीच्या उंबरठ्यावरच अजून उभें राहावें लागत आहे. चित्र म्हटलें कीं तें करमणुकीसाठीं, आणि व्यंगचित्र म्हटलें कीं तें पोरखेळासाठीं, असा समज आमच्या संशोधकवर्गांत बराच रुजलेला आहे. त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या घरांत पेशवाई दप्तराचा एकेक तुकडा रेशमी रुमालांत बांधून ठेवलेला आढळतो, त्याच घरांत सचित्र साप्ताहिकांचे गठ्ठे रद्दीच्या भावानें गेलेले ऐकूं येतात.

अलीकडे मात्र या जुन्या चित्रांस व चित्रमालांस गिऱ्हाईक मिळूं लागलें आहे. चित्रमाला म्हणजे चौकटीमागून चौकट अशा क्रमानें एकादी गोष्ट सांगणारीं चित्रें. संग्राहक त्यांच्या प्रति मिळवितात, प्रकाशक त्यांचीं देखणीं पुस्तकें काढितात आणि संगणकाच्या साहाय्यानें मळलेलें पान कोरें करकरीत करून दाखवितात. हा उद्योग स्वागतार्ह आहे. परंतु हस्तलिखितांचें संपादन करितांना जीं पथ्यें पाळावीं लागतात, तीं येथें पाळलीं जातात कीं नाहीं, हें पाहण्याची वेळ आतां आली आहे. हस्तलिखितांचा व्यासंग असलेल्या आमच्या वाचकांसच या प्रश्नाचा निकाल अधिक चांगला देतां येईल, अशा समजुतीनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. दृष्टि मुख्यतः रत्नागिरीकडे व कोंकणाकडे ठेविली आहे. जरूर तेथें मुंबईस व परदेशींही गेलों आहों.

२. कोंकणांतील पूर्वपीठिका

चित्रांच्या मालिकेनें कथा सांगण्याची कला कोंकणास नवी नाहीं. कुडाळनजीकच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें चित्रकथी परंपरा पिढ्यान् पिढ्या सांभाळिली. पिंगुळी पूर्वीं सावंतवाडी संस्थानांत होती, पुढें रत्नागिरी जिल्ह्यांत आली व १९८१ पासून ती सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. चित्रकथ्याची पोथी ही नेहमींच्या पोथीहून निराळी. सुट्या कागदावर रामायण-महाभारतांतील आख्यानांचीं चित्रें काढावयाचीं, दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटवावयाचे, आणि एका आख्यानाचीं सर्व चित्रें क्रमानें एकत्र ठेवून त्यास पोथी म्हणावयाचें. चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरितो आणि वाद्यांच्या साथीवर त्या चित्राची कथा गातो. कागदावर चित्र आहे, पण कथेचे शब्द गाणाऱ्याच्या मुखांत आहेत. म्हणजे पोथीचा अर्धा भाग कागदावर नाहींच. या परंपरेंतील श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देऊन सरकारनें गौरविलें. अशा चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतही आहे. परंतु संग्रहालयाच्या भिंतीवर एक सुटें चित्र पाहणें आणि क्रमानें लावलेली पोथी गातांना पाहणें यांत जें अंतर, तेंच अंतर वर्तमानपत्रांतून कापलेलें चित्र व सबंध अंक यांत आहे. हा मुद्दा पुढें पुन्हां येईल.

छपाईच्या बाजूनें पाहिलें तर शिळाप्रेसचा विचार आधीं केला पाहिजे. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाप्रेसवर पंचांग छापिलें. पुढच्याच वर्षीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील पोंभुर्ले गांवचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं ‘दर्पण’ काढून मराठी वर्तमानपत्राचा पाया घातला. खुद्द रत्नागिरी शहरांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘जगन्मित्र’ व ‘सत्यशोधक’ हीं साप्ताहिकें निघत. ‘जगन्मित्रा’शीं जनार्दन हरि आठल्ये यांचें नांव निगडित आहे. म्हणजे आडबाजूचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा छापील पत्राच्या बाबतींत मुळींच मागें नव्हता. येथील जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना तर १८२८ ची. ‘दर्पणा’हूनही तें चार वर्षांनीं वडील.

शिळाप्रेसचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत अक्षर व चित्र यांची जात एकच. लहिया चिकट शाईनें लिहितो, चितारी त्याच शाईनें रेघ ओढतो, आणि दोहोंचाही ठसा एकाच दगडावर उतरतो. खिळ्यांच्या छापखान्यांत चित्रासाठीं निराळा ठसा कोरावा लागे. शिळेवर ती अडचण नव्हती. म्हणूनच शिळाछापाच्या सचित्र पोथ्या इतक्या सहज निघाल्या. जिनिव्हाचे रोदोल्फ त्योप्फेर यांनीं १८३३ सालीं ‘मस्यू जाबो’ ही चित्रकथा छापिली, तीही शिळाछापाच्याच एका सोप्या प्रकारानें. चौकटींची चित्रकथा लिहिणारा पहिला आधुनिक ग्रंथकार म्हणून पाश्चात्त्य लेखक यांचें नांव घेतात. मुंबईंत पंचांग निघालें आणि जिनिव्हांत चित्रकथा निघाली, या दोहोंच्या मुळाशीं एकच दगड होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु ज्या सोयीमुळें शिळाछाप फैलावला, तिनेंच त्याचा पुरावाही पुसून टाकिला. काम संपलें कीं शिळा घांसून स्वच्छ करीत व दुसऱ्या कामास घेत. लांकडी किंवा धातूचा ठसा छापखान्याच्या माळ्यावर पन्नास वर्षें पडून राहूं शकतो. शिळेवरचें चित्र दुसऱ्याच दिवशीं नाहींसें होतें. तेव्हां शिळाछाप पत्राची छापलेली प्रत हीच मूळ प्रत व हीच शेवटची प्रत. ती गेली कीं मागें कांहींच उरत नाहीं.

३. दोन ‘पंच’

इंग्लंडांत १८४१ सालीं ‘पंच’ निघालें आणि थोड्याच वर्षांत त्याच्या नांवाचीं पत्रें पूर्वेकडे सर्वत्र दिसूं लागलीं. मुंबईंत १८५४ सालीं ‘पारशी पंच’ सुरू झाला. पुढें बरजोरजी नवरोजी यांच्या हातीं आल्यावर त्याचें नांव ‘हिंदी पंच’ झालें. येथें ‘हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा. भाषेशीं त्याचा संबंध नाहीं, कारण पत्राचा मजकूर गुजराती व इंग्रजी असे. त्याच्या मुखत्यार पात्राचें नांव मात्र ‘पंचोबा’. लंडनच्या मिस्टर पंचला खंडोबा-म्हसोबांच्या पंक्तीस बसविणारें हें नांव मुंबईच्या मिश्र संस्कृतीची साक्ष देतें.

ठाण्याहून निघणारा ‘हिंदु पंच’ हें याहून अगदीं निराळें पत्र. तें मराठी, विनोदी व राजकारणांत जहाल. दोन्ही नांवांत एका मात्रेचा फरक असल्यामुळें सूचिकार व विक्रेते त्यांचा घोटाळा सहज करूं शकतात. ‘हिंदी पंच’ हा साधारणतः मवाळांच्या बाजूचा. ‘हिंदु पंच’ त्यांचा कट्टा वैरी. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०९ सालीं याच ‘हिंदु पंचा’वर अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली होती. टिळकांच्या हद्दपारीचा ठपका त्या पत्रानें गोखल्यांवर ठेविला, हें त्याचें कारण. एका पत्राचें चित्र दुसऱ्याच्या नांवावर घातलें तर जहालाचा उद्गार मवाळाच्या तोंडीं जाईल, आणि इतिहासाचा अर्थच फिरेल.

या दोन्ही पत्रांशीं रत्नागिरीचें नातें आहे तें त्यांच्या विषयांमुळें. टिळकांचा जन्म रत्नागिरी शहरांतील, २३ जुलै १८५६ चा. गोखल्यांचा जन्म याच जिल्ह्यांतील कोतळुकचा, ९ मे १८६६ चा. सुरतेच्या १९०७ च्या राष्ट्रसभेपर्यंत वाढत गेलेला जो वाद, त्याचे दोन्ही धुरीण या एकाच जिल्ह्याचे सुपुत्र. त्यांचीं भाषणें छापलीं आहेत, पत्रें छापलीं आहेत, चरित्रें तर अनेक आहेत. परंतु सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें आठवड्यागणिक त्यांची कोणती मूर्ति उभी केली जात होती, कोणास वाघ दाखविलें, कोणास बैल, कोणाची पगडी मोठी काढिली व कोणाची छत्री, हें समजण्यास चित्रांवांचून दुसरें साधन नाहीं.

‘हिंदी पंचा’ची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. आपल्या चित्रांचें पुनर्मुद्रण त्यानें स्वतःच आरंभिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं वर्षांतील निवडक चित्रांचे स्वतंत्र संग्रह या पत्रानें काढिले. राष्ट्रसभेविषयींच्या चित्रांचाही एक वेगळा संग्रह निघाला. लंडनच्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ मासिकांतही त्याचीं चित्रें उद्धृत होत. म्हणजे संग्राहकांसाठीं जुनीं वृत्तपत्रीय चित्रें पुन्हां छापणें हा प्रकार या देशांत शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. आज जे अभ्यासक ‘हिंदी पंचा’चा उल्लेख करितात, त्यांस या संग्रहांचा मोठा आधार होतो. परंतु संग्रह म्हणजे निवड. आणि निवड संपादकाची. कोणतें चित्र वर्षअखेरीस वगळावेंसें वाटलें, हें संग्रह कधींच सांगत नाहीं. तें पाहण्यास मूळ अंकच पाहिजे.

सरकारी बाजूचें एक साधन येथें नमूद करितों. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारसाठीं दर आठवड्यास तयार होत. त्यांत पुष्कळदां चित्रांचेंही वर्णन येतें : अमुक पुढारी अमुक रूपांत दाखविला आहे, खालीं अमुक शब्द आहेत, इत्यादि. जेथें अंक नष्ट झाला आहे, तेथें हें वर्णन उपयोगीं पडतें. परंतु तें पोलिसी डोळ्यानें केलेलें वर्णन आहे. त्यांत राजद्रोह आहे कीं नाहीं हें पाहिलेलें असतें. रेषेची खुबी पाहिलेली नसते. जबानी आणि मूळ दस्तऐवज यांत जो फरक न्यायाधीश करितो, तो संशोधकानेंही येथें केला पाहिजे.

४. कागदाचें आयुष्य

जुन्नरी व दौलताबादी कागदांवरील तीनशें वर्षांपूर्वींचीं पत्रें आजही स्पष्ट वाचतां येतात, आणि शंभर वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र हातीं घेतांच त्याचा चुरा होतो, हा अनुभव प्रत्येक संग्राहकास आहे. जुना हातकागद चिंध्यांचा किंवा तागाचा. त्यांतील तंतु लांब व चिवट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दळलेल्या लांकडाच्या लगद्याचा कागद निघाला व शेवटच्या तीन दशकांत वर्तमानपत्रें त्यावर छापलीं जाऊं लागलीं. लांकडांतील एक द्रव्य उजेडानें व हवेनें पिंवळें पडतें आणि कागदांत आम्ल वाढून तंतु तुटतात. म्हणजे हा नाश कागदाच्या पोटांतूनच सुरू होतो. वाळवी व कसर बाहेरून येतात. त्यांस वेखंड, कडुलिंबाचा पाला किंवा घट्ट बांधलेलें बासन थोडेंबहुत अडवूं शकेल. आम्लास तें अडवूं शकत नाहीं.

त्यांत रत्नागिरीची हवा. येथें वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. मृगापासून हस्तापर्यंत कपाटांतील कागद ओलावा पितो, दिवाळीनंतर तो ओकून टाकितो. दरसाल फुगणें व आकसणें चालूच. बुरशीचे डाग चित्राच्या काळ्या भागावर आधीं दिसत नाहींत, म्हणून तें पान शाबूत आहे असा भ्रम होतो. डाग दिसूं लागेपर्यंत शाईखालील कागद पोकळ झालेला असतो. पूर्वीं बांधणीच्या खळींत मोरचूद घालण्याची चाल होती. तिनें किडे पळत, पण तांब्याचा अंश कागदास हितकारक नाहीं. आज तज्ज्ञ लोक साध्या पिठाची शुद्ध खळ व पातळ जपानी कागद वापरितात आणि आम्ल मारण्यासाठीं चुन्याच्या किंवा मॅग्नेशियमच्या क्षारांचा उपयोग करितात. हें काम खर्चाचें व सावकाशीचें आहे. म्हणून सर्व अंकांस तें मिळणें शक्य नाहीं. कोणत्या अंकांस मिळावें हें आधीं ठरवावें लागतें, आणि तें ठरविण्यास यादी लागते.

५. अमेरिकन संग्राहकांचा अनुभव

या कार्यांत अमेरिकेंत जें घडलें तें शिकण्यासारखें आहे. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत १८९५ सालीं रिचर्ड औटकोल्ट यांचा पिंवळ्या अंगरख्याचा मुलगा गाजूं लागला; ‘हेरल्ड’ पत्रांत १५ ऑक्टोबर १९०५ पासून विन्सर मॅके यांची ‘लिटल निमो’ ही स्वप्नकथा येऊं लागली. रविवारच्या पुरवणीचें एक सबंध पान अशा एका चित्रमालेस मिळे. पुढें तेथील ग्रंथालयांनीं जुन्या पत्रांचीं सूक्ष्म छायाचित्रें घेतलीं आणि मूळ बांधीव खंड काढून टाकण्यास आरंभ केला. छायाचित्र काळें-पांढरें, चित्रमालेचे रंग त्यांत अजिबात नाहींत. म्हणजे अक्षर वांचलें व चित्र मेलें.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड या एका व्यासंगी गृहस्थानें हे खंड वांचविण्याचा चंग बांधिला. ग्रंथालयें खाजगी मनुष्यास खंड देईनात, म्हणून त्यानें १९६८ सालीं आपल्या घरींच एक संस्था स्थापिली व संस्थेच्या नांवें ते मिळविले. तीस वर्षांत घर भरून गेलें. १९९८ च्या सुमारास हा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठानें घेतला, तेव्हां त्याचें वजन सुमारें ७५ टन भरलें. १९७७ सालीं स्मिथ्सोनियन संस्थेनें वृत्तपत्रीय चित्रमालांचा जो मोठा ग्रंथ काढिला, तो याच ब्लॅकबिअर्डच्या सहसंपादनानें. २००५ सालीं पीटर मारेस्का यांनीं ‘लिटल निमो’चीं निवडक पानें मूळ आकारांत, सुमारें १६ इंच रुंद व २१ इंच उंच, छापलीं. तोंपर्यंतच्या लहान आवृत्त्यांत जी चित्रकाराची करामत चिमटून गेली होती, ती या ग्रंथांत प्रथमच खुली झाली.

या हकीकतींत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही कीं, मूळ अंक टाकून देणारे लोक अडाणी नव्हते. ते ग्रंथपाल होते, आणि आपण जतन करीत आहों अशाच समजुतीनें ते टाकीत होते. नक्कल झाली म्हणजे अस्सल टाकावयास हरकत नाहीं, या एका समजुतीनें जें गेलें तें वाळवीनेंही नेलें नसतें. आज आमच्याकडे संगणकावर छायांकन जोरानें चाललें आहे. तें अवश्य व्हावें. परंतु छायांकनानंतर गठ्ठा कोठें गेला, हें विचारण्याचा पायंडाही त्याबरोबर पडला पाहिजे.

६. चित्राचे पाठभेद

छापील चित्रास पाठभेद कसला, सर्व प्रति सारख्याच, असें प्रथमदर्शनीं वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. औटकोल्ट १८९६ सालीं हर्स्ट यांच्या पत्राकडे गेले, तेव्हां ‘वर्ल्ड’नें जॉर्ज लक्स यांजकडून तीच पात्रें काढविणें चालू ठेविलें, एकाच पात्राच्या दोन शाखा एकाच शहरांत चालूं लागल्या. पुढें एकच चित्रमाला अनेक पत्रांस पुरविण्याची पद्धति पडली. प्रत्येक पत्र आपल्या जागेप्रमाणें ती छापी. जागा कमी पडली तर एक-दोन चौकटी गाळी. ज्या संग्राहकानें फक्त त्या पत्रांतील कात्रणें जमविलीं, त्यास चौकट गळल्याची कल्पनाही येत नाहीं.

आमच्या वाचकांच्या ओळखीचें उदाहरण वेताळाचें. ली फॉक यांची ही चित्रमाला १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं अमेरिकन पत्रांत सुरू झाली. १९६४ पासून १९९० पर्यंत ‘इंद्रजाल कॉमिक्स’नें ती पुस्तकरूपानें आमच्याकडे घरोघर पोंचविली. आरवलीच्या वेतोबास वहाणा वाहणाऱ्या कोंकणांत या परदेशी वीरास वेताळ हें नांव परकें वाटलें नाहीं. परंतु मुळांतील देशाचें ‘बेंगाला’ हें नांव बंगालशीं मिळतें, म्हणून येथें तें ‘डेंकाली’ झालें. चांच्यांच्या टोळीचें ‘सिंग’ हें नांव बदलून ‘सिंगा’ झालें. वर्तमानपत्रांतील आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानांत बसविण्यासाठीं चौकटी कापल्या व लांबविल्या. हे सर्व फरक सहेतुक आहेत. ते चुका म्हणून पुसून टाकणें म्हणजे आमच्याकडील वाचकानें प्रत्यक्षांत जें वाचलें तें पुसणें होय. मूळ अमेरिकन पाठ निराळा छापावा, येथील पाठ निराळा छापावा. दोहोंची खिचडी करूं नये.

मग ‘मूळ’ म्हणजे काय? चित्रकाराचें रेखाटन, ठसा तपासण्यासाठीं काढलेली चांचणी-प्रत आणि वाचकाच्या हातीं पडलेला अंक, असे तीन साक्षी संभवतात. हॅल फॉस्टर यांच्या ‘प्रिन्स व्हॅलियंट’ या १९३७ पासूनच्या चित्रमालेच्या रंगीत चांचणी-प्रति त्यांनीं सिराक्यूज विद्यापीठास दिल्या होत्या. २००९ पासूनची नवी आवृत्ति त्यांवरून सिद्ध झाली व ती पूर्वींच्या आवृत्त्यांहून फार सरस ठरली. रेषेसाठीं चांचणी-प्रत श्रेष्ठ, यांत संशय नाहीं. परंतु समाजाच्या हातीं गेला तो अंक. भांडारकर संस्थेच्या महाभारतावृत्तींत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं असाच विवेक केला होता. व्यासांच्या हातची पोथी शोधण्याचा हट्ट त्यांनीं धरिला नाहीं. उपलब्ध प्रतींवरून जितक्या जुन्या पाठापर्यंत पोंचतां येईल तितकें पोंचावें, आणि जेथें निश्चय नाहीं तेथील अक्षरांखालीं नागमोडी रेघ द्यावी, असा त्यांचा परिपाठ. १९३३ सालीं पुऱ्या झालेल्या आदिपर्वांतील ही नागमोडी रेघ चित्रांच्या संपादनांतही उसनी घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

७. शुद्धि आणि हरताळ

जुने लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फांसीत व त्यावर नवें अक्षर लिहीत. हरताळाचा पिंवळा डाग दिसे, म्हणून येथें दुरुस्ती झाली आहे हें वाचणारास कळे. संगणकाचा हरताळ दिसत नाहीं. आणि हाच त्याचा मोठा दोष. डाग काढतांना बारीक छटारेषा जाते, फाटलेला कोपरा भरतांना बोट सहाचें पांच होतें, आणि पुढच्या पिढीस तें मूळचेंच वाटतें.

शुद्धीच्या कामांत चार गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली, कागदाचें पिंवळेपण. हें कालानें आलेलें आहे, छापणाराचें नव्हे. तें माफक कमी करण्यास हरकत नाहीं. मात्र पान अगदीं पांढरें शुभ्र करूं नये, कारण वर्तमानपत्राचा कागद पहिल्या दिवशींही तसा नव्हता. दुसरी, रंग सरकणें. एका प्रतींत लाल रंग रेषेबाहेर गेलेला असतो, दुसरींत नसतो. हा लहियाच्या हस्तदोषासारखा त्या प्रतीपुरता दोष आहे. चांगली प्रत मिळाल्यास ती घ्यावी, न मिळाल्यास आहे तसें छापावें. तिसरी, गेलेला भाग. तो त्याच अंकाच्या दुसऱ्या प्रतींतून भरावा व भरलेल्या भागाच्या कडेस नागमोडी रेघ द्यावी. दुसरी प्रत नसेल तर जागा कोरी सोडावी. नव्यानें चित्र काढून ती कधींही भरूं नये. मोडी पत्रांतील फाटलेल्या ओळीच्या जागीं आम्हीं टिंबें देतों, तोंडचे शब्द घालीत नाहीं. चित्रास दुसरा न्याय कां असावा? चौथी, चित्राखालील मजकूर. त्यांतील अशुद्ध लेखन, जुनी वर्णयोजना, ग्राम्य शब्द हें सर्व जसेंच्या तसें ठेवावें. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापतांना अस्सल कागदास जो मान दिला, तोच मान या चार ओळींस मिळाला पाहिजे.

आकार व परिसर यांविषयीं दोन शब्द. चित्र लहान करून छापल्यास चौकटींतील बारीक अक्षर वाचतां येत नाहीं, आणि मोठें करून छापल्यास रेघ ठोकळ दिसते. म्हणून मूळ आकारांत छापणें उत्तम. तें न परवडल्यास मूळ लांबी-रुंदी इंचांत नमूद करावी. परिसराची गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्राच्या शेजारीं कोणती बातमी होती, खालीं कोणती जाहिरात होती, तारीख व पृष्ठ काय होतें, हें गेलें कीं चित्र पोरकें होतें. प्रत्येक चित्रमालेच्या संग्रहांत निदान कांहीं पानें सबंध छापावींत, आणि बाकीच्यांस तारीख-पृष्ठाची तालिका जोडावी.

८. दोन आक्षेप

या पथ्यांवर पहिला आक्षेप प्रकाशकांकडून येतो. गिऱ्हाइकास झगझगीत पान पाहिजे. कोरी जागा व नागमोडी रेघ पाहून तो पुस्तक परत ठेवील. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि केवळ वाचनासाठीं काढलेल्या स्वस्त आवृत्तीस आमचें म्हणणें सक्तीनें लावूं नये. ‘चिंटू’ ही ‘सकाळ’ पत्रांत १९९१ सालीं सुरू झालेली चित्रमाला वाचकांनीं संग्रहरूपानें आनंदानें वाचली; तेथें पाठचिकित्सेची कोणी अपेक्षा केली नाहीं. परंतु जो ग्रंथ संग्राहकांसाठीं म्हणून निघतो, मोठ्या किमतीस विकला जातो व मूळ अंकाची जागा घेऊं पाहतो, त्यानें आपण काय बदललें हें सांगितलेंच पाहिजे. एका परिशिष्टाचीं दोन पानें यास पुरेशीं आहेत.

दुसरा आक्षेप संशोधकांचा. शिवकालीन कागद कुजत असतां या हास्यचित्रांवर श्रम कां खर्चावे? यास आमचें उत्तर असें कीं, शिवकालीन कागद शोधण्यास लागलेल्या पिढ्यांनीं त्याची यादी तरी केली आहे. या पत्रांची ती नाहीं. शिवाय नाशाचा वेग सारखा नाहीं. हातकागद आणखी शंभर वर्षें वाट पाहील. लगद्याचा कागद पाहणार नाहीं. महत्त्व सारखें नसलें तरी निकड अधिक कोठें आहे, हें पाहूनही कामाचा क्रम लावावा लागतो. हा विषय पोरखेळ नाहीं, हें परदेशीं विद्वानांनीं मान्य केलें आहे : १९९४ मध्यें पार्थ मित्तर यांनीं हिंदी कला व राष्ट्रीयत्व यांवरील ग्रंथांत, २०१३ मध्यें हान्स हार्डर व बार्बारा मिट्लर यांनीं आशियांतील ‘पंच’ पत्रांवरील लेखसंग्रहांत आणि २०१४ मध्यें रितु खंडुरी यांनीं हिंदी व्यंगचित्रांवरील ग्रंथांत या साधनांचा गंभीरपणें उपयोग केला. हें सर्व इंग्रजींत झालें. मराठींत चित्रशाळेचें ‘चित्रमय जगत्’ आहे, स्वतः व्यंगचित्रें काढणारे शं. वा. किर्लोस्कर व त्यांच्या ‘टाकांच्या फेकी’ आहेत. साधनांची वाण नाहीं, त्यांच्या चिकित्सक आवृत्त्यांची आहे.

कायद्याचा अडथळा येथें फारसा नाहीं. १९५७ च्या कायद्याप्रमाणें कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें, आणि निनांवी कृतीस प्रसिद्धीनंतर ६० वर्षें हक्क राहतो. एकोणिसाव्या शतकांतील पत्रें व पहिल्या महायुद्धापूर्वींचीं निनांवी चित्रें केव्हांच मोकळीं झालीं आहेत.

९. रत्नागिरींत करावयाचें काम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप निघतो. प्रथम यादी : रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील वाचनालयें, देवस्थानें, शाळा व खाजगी घरें यांतून कोणत्या पत्राचे कोणते अंक आहेत, त्यांत चित्रें कोणत्या पृष्ठांवर आहेत, कागद कोणत्या स्थितींत आहे, एवढ्या तीनच गोष्टींची नोंद करावी. एकाच अंकाच्या दोन प्रति दोन गांवीं आढळल्यास ती नोंद सोन्याची, कारण एकीचा फाटलेला कोपरा दुसरींत असूं शकेल. दुसरें, छायांकन पावसाळ्यापूर्वीं, माघ ते वैशाख या कोरड्या महिन्यांत करावें, आणि गठ्ठा सोडण्यापूर्वीं जसा आहे तसा एकदां टिपून घ्यावा, म्हणजे क्रम हरवणार नाहीं. तिसरें, छायांकन झालेल्या अंकावर तशी चिठ्ठी बांधून तो परत मालकाच्या स्वाधीन करावा. ‘आतां याची जरूर नाहीं’ असा शब्दही कोणी काढूं नये. आणि पिंगुळीच्या चित्रकथ्यांच्या पोथ्यांचें छायांकन होईल तेव्हां प्रत्येक चित्राबरोबर गाणाऱ्याचा आवाजही नोंदवावा, नाहींतर चित्र उरेल व कथा जाईल.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, चित्रासाठीं अंक कापूं नये. सुट्या चित्रास बाजारांत भाव अधिक येतो हें खरें, पण कापलेल्या चित्रास तारीख नसते, आणि ज्या कागदास तारीख नाहीं त्याची साक्ष कोणत्याही चौकशींत अर्धीच धरितात. ज्यांच्या घरीं ‘जगन्मित्र’, ‘सत्यशोधक’, ‘हिंदु पंच’ किंवा ‘हिंदी पंच’ यांचा एकादा सुटा अंकही असेल, त्यांनीं तो कोणत्याही स्थितींत असला तरी टाकूं नये, स्वतः चिकटवूं नये, आणि त्याची तारीख व पृष्ठसंख्या तेवढी या त्रैमासिकाकडे कळवावी. आलेल्या नोंदी पुढील अंकांतून क्रमानें प्रसिद्ध करण्याचा आमचा विचार आहे.